पेजमेकर, फॉक्सप्रो, टॅली ७.२ : जुनं चालवायचं कसं आणि अडकलेली फाइल सोडवायची कशी?

तापीकाठ

राम राम मंडळी.

जळगावच्या डाळमिलीत, सावद्याच्या केळीच्या ऑफिसात, धुळ्याच्या जुन्या प्रेसमध्ये, नंदुरबारच्या मिरचीच्या आडतीवर एखादं पिवळं पडलेलं कॅबिनेट अजून चालू असतं. त्यावर विंडोज ९८ नाहीतर एक्सपी. मालक नवीन मशीन घेतो, पण हे काही हलवत नाही. त्याला हट्ट म्हणू नका. हिशोबाच्या टॅली ७.२ ला माउस लागत नाही, टायपिंगच्या वर्डस्टारमध्ये बोटं कीबोर्डवरून उचलावी लागत नाहीत, आणि छपाईची पानं जुळवायच्या पेजमेकरमध्ये पत्रिकेची ओळ जिथे ठेवली तिथेच राहते. हाताला बसलेलं सॉफ्टवेअर सुटत नाही.

धाग्याचा नियम एकच. ‘आमच्या वेळी’ नको. काय चालतं, कशावर चालतं, कुठे अडतं आणि का, तेवढं लिहा. क्रॅक आणि चोरीच्या की मागू नका.

सुरुवात माझ्याकडून. कशालाही हात लावण्याआधी हार्डडिस्कची पूर्ण प्रत काढा. जुनी आयडीई डिस्क (रुंद चपट्या केबलची) असेल तर आयडीई ते यूएसबी अडॅप्टर मिळतो. साडेतीन इंची डिस्कला त्यासोबतचा १२ व्होल्टचा वेगळा सप्लाय जोडावा लागतो, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. फाइली एकेक करून कॉपी करू नका, सगळ्या डिस्कची इमेज घ्या, म्हणजे अख्खी डिस्क जशीच्या तशी एका फाइलीत. डिस्क टकटक वाजत असेल तर ‘जरा परत चालू करून बघू’ हा मोह आवरा. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू आधी वाचता येणारा भाग उचलतं आणि अडणाऱ्या जागांकडे शेवटी वळतं, म्हणून ते वापरायचं.

दुसरी गोष्ट, मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल. तो गेला की मशीन दरवेळी जुन्या तारखेला उठतं आणि बिलांवर तीच तारीख पडते. सॉफ्टवेअर बिघडलं म्हणून बोंब होते, खरं कारण बटणाएवढा सेल.

वाघूर

तारखेआधी बिटचं सांगायला हवं होतं. डॉसचे (विंडोजआधीची, नुसत्या अक्षरांच्या पडद्याची प्रणाली) आणि विंडोज ३.१ चे प्रोग्राम १६ बिटचे. ३२ बिट विंडोजमध्ये ते चालवायची सोय आतच होती, ६४ बिट विंडोजमध्ये ती नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. त्यामुळे प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कम्पॅटिबिलिटीचे कितीही टिक मारा, १६ बिटचा प्रोग्राम तिथे उठणार नाही. पेजमेकर ७ किंवा गाणी वाजवायचं विनॅम्प ३२ बिटचे, ते प्रयत्नाने उठतात. काही वेळा प्रोग्राम ३२ बिटचा असतो पण त्याचा सेटअप १६ बिटचा, तिथे लोक उगाच हार मानतात.

खिळेजुळारी

पेजमेकरबद्दल मी लिहितो.

आल्डस कंपनीने १९८५ साली आणलं, १९९४ मध्ये आल्डस अडोबीकडे गेली, २००१ चं ७.० हे शेवटचं. आपल्याकडे प्रेसमध्ये ६.५ आणि ७.० दोन्ही सापडतात. ६.५ ची फाइल पी६५, ७ ची पीएमडी.

जुनी फाइल उघडताना पहिली पाटी येते ती फॉन्ट जुळवणीची. मशीनवर नसलेल्या फॉन्टांची नावं त्यात दिसतात. ही पाटी बंद करायची घाई करू नका, आधी मोबाइलवर फोटो काढा. मजकूर कुठल्या जुन्या मराठी फॉन्टात, श्रीलिपीत आहे, आकृतीत आहे, आयएसएमच्या डीव्ही मालिकेत आहे की कृतिदेवमध्ये, हे तिथेच कळतं. पर्याय ‘टेम्पररी’ ठेवा. ‘परमनंट’ करून फाइल सेव्ह केली तर मूळ फॉन्टचं नावच पुसलं जातं आणि पुढे अक्षरं बदलायचा कुठला तक्ता लावायचा ते कळायला मार्ग राहत नाही.

मग मजकूर काढणं. टेक्स्ट टूल घेऊन मजकुरात कर्सर ठेवा आणि कंट्रोल-ए दाबा. सहा पानांवर ओतलेला लेख असला तरी धाग्याने जोडलेला सगळा मजकूर एकदम निवडला जातो. नंतर फाइल मेनूत एक्स्पोर्ट, ‘टेक्स्ट ओन्ली’. कंट्रोल-ईने स्टोरी एडिटर उघडूनही हेच करता येतं आणि जुन्या मशीनवर ते भराभर चालतं. पत्रिकेत मात्र प्रत्येक ओळ वेगळ्या चौकटीत असते. कुलदैवत वेगळं, निमंत्रक वेगळे, ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ वेगळं. तिथे एकेक चौकट काढण्याला इलाज नाही.

चित्रांचं लक्षात ठेवा. २५६ केबीपेक्षा मोठं चित्र आणताना पेजमेकर विचारतं, प्रत आत ठेवू का? बहुतेक ऑपरेटर ‘नाही’ म्हणायचे, फाइल फुगू नये म्हणून. म्हणजे गणपतीची टिफ फाइल बाहेर राहिली आणि पीएमडीमध्ये फक्त पडद्यापुरती झलक. नुसती पीएमडी पेनड्राइव्हवर आणली तर गणपती छापताना दाणेदार येतो. फोल्डर अख्खं आणा.

फाइल उगाच मोठी झाली असेल तर ‘सेव्ह ॲज’ करून त्याच नावाने ठेवा. साध्या सेव्हमध्ये जुना कचरा आत साठत जातो, ‘सेव्ह ॲज’मध्ये तो गळतो. कधी कधी अडखळणारी फाइलही एवढ्याने सरळ होते.

पेजमेकरच नसेल तर? इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या ६.० ते ७.० च्या फाइली उघडतात, पुढच्या सीसीमध्ये ही सोय काढून टाकली. फुकटात लिब्रेऑफिस ड्रॉ ४.४ पासून पेजमेकर फाइल वाचतं. मांडणी थोडी हलते, पण मजकूर आणि चौकटी हाती लागतात.

केळीचा_घड

भाऊ, लिब्रेऑफिसमध्ये उघडली. चौकटी बरोबर, पण अक्षरं सगळी इंग्रजी कचरा. ‘मराठी’च्या जागी ई, जे, के, मोठा बी, एच. फाइल खराब झाली का?

खिळेजुळारी

फाइल ठणठणीत आहे. मजकूर कृतिदेवमध्ये आहे आणि तुमच्या मशीनवर तो फॉन्ट नाही, एवढंच. कृतिदेवात छोटा ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ, एच म्हणजे दुसरी वेलांटी. म-र-काना-ठ-वेलांटी. फॉन्ट टाकला की पडद्यावर मराठी दिसेल. पण ते फक्त दिसणं. संगणकाच्या लेखी आत इंग्रजी अक्षरंच आहेत, म्हणून शोध लागत नाही आणि व्हॉट्सॲपवर चिकटवलं की परत कचरा.

पट्टीवाला

मग जुन्या फॉन्टाचं युनिकोड करणारा ऑनलाइन कन्व्हर्टर टाका ना, दोन मिनिटांचं काम.

खिळेजुळारी

दोन मिनिटांत होतं आणि दोन दिवस निस्तरावं लागतं. का ते सांगतो, म्हणजे कुठे बघायचं ते कळेल.

जुन्या फॉन्टात पूर्ण अक्षर नसतं, अक्षराचे तुकडे असतात, शिशाच्या खिळ्यांसारखे. कृतिदेवात ‘श’ ला एक कळ नाही. अर्धा श् आणि पुढे काना, असे दोन खिळे मिळून श होतो. ष आणि ण यांचंही तेच. कन्व्हर्टरने आधी सगळे काने बदलले तर श चा ‘श्ा’ होतो. म्हणून चांगला तक्ता आधी लांब जोड्या बदलतो, मग सुटे तुकडे.

दुसरं, पहिली वेलांटी. टाइप करताना ती अक्षराच्या आधी येते, युनिकोडमध्ये (आज मोबाइल-संगणकावर सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) अक्षरानंतर साठवतात. ‘स्थिती’सारख्या शब्दात ती नुसत्या एका अक्षरापलीकडे नाही तर अख्ख्या जोडाक्षरापलीकडे न्यावी लागते. कच्च्या कन्व्हर्टरमध्ये ‘स्थिती’चं ‘स्िथती’ होतं.

तिसरं, रफार. ‘वर्षी’ टाइप करताना व, मग अर्धा ष्, काना, दुसरी वेलांटी आणि सगळ्यात शेवटी रफार. युनिकोडला र् ष च्याही आधी लागतो. म्हणजे रफार वेलांटीवरून आणि ष वरून मागे उडी मारतो. उडी एका घराने चुकली की शब्द गेला.

आणि फॉन्ट ओळखल्याशिवाय काहीच करू नका. कृतिदेवचा तक्ता श्रीलिपीच्या मजकुराला लावला तर मराठीसारखं दिसणारं काहीतरी येतं आणि ते जास्त घातक, कारण नजर फसते.

वर्डवाला_धुळे

यातच एक जोड. पुष्कळांनी कृतिदेवचा मजकूर वर्डमध्ये टाइप केलेला असतो आणि वर्डची ऑटोकरेक्ट चालू असते. वाक्याचं पहिलं अक्षर वर्ड आपोआप कॅपिटल करतं. कृतिदेवात छोटा ई म्हणजे म, मोठा ई म्हणजे अर्धा म्. त्यामुळे वाक्याच्या तोंडी आलेल्या ‘मराठी’चं ‘म्राठी’ होतं. फॉन्ट खराब आहे असं वाटून लोक फॉन्ट बदलत बसतात.

तसंच सरळ अवतरणचिन्ह वाकडं करणं. कृतिदेवात साधं एकेरी चिन्ह म्हणजे अर्धा श् आणि दुहेरी म्हणजे अर्धा ष्. वर्डने ते वाकवलं की ‘शेतकरी’तला श उडतो, त्याच्या जागी अवतरणचिन्ह आणि काना उरतात. पेजमेकरच्या प्रेफरन्सेसमध्येही ‘टायपोग्राफर्स कोट्स’ नावाचा हाच उपद्व्याप आहे. जुन्या फॉन्टात काम करायचं तर पहिलं हे दोन्ही बंद.

पट्टीवाला

मानलं भो. एक विचारतो. कन्व्हर्ट केल्यावर ‘शेतकऱ्यांना’ सगळीकडे रफार देऊन ‘शेतकर्यांना’ झालं. फाइंड-रिप्लेसने ‘र्य’ चं ‘ऱ्य’ करून टाकू का?

खिळेजुळारी

नका करू! ‘मर्यादा’चं ‘मऱ्यादा’, ‘पर्याय’चं ‘पऱ्याय’ आणि ‘सूर्य’चं ‘सूऱ्य’ होईल.

मुळात बरेचसे कन्व्हर्टर हिंदीसाठी बनले. हिंदीत चंद्रकोरीसारखा अर्धा र लागत नाही, म्हणून तो तक्त्यात नसतो. युनिकोडमध्ये तो ऱ, हलन्त आणि य असा बनतो. नुसता र आणि हलन्त दिला तर रफारच होतो.

शब्दवार बदला. शेतकर्या, व्यापार्या, अधिकार्या, कर्मचार्या, दुसर्या, तिसर्या, पायर्या. एवढ्या सातांत बाजारभावाच्या आणि ग्रामपंचायतीच्या मजकुरातल्या बहुतेक चुका निघतात. ‘चार्या’ असा तुकडा मात्र घेऊ नका, ‘आचार्यांचा’ बळी जाईल. पूर्ण ‘कर्मचार्या’ घ्या.

अहिराणी_पट्टा

बठ्ठं बरोबर शे भाऊ, पन एक गोठ ऱ्हाई गई.

अहिराणी मजकुराला हे दुखणं दहापट आहे. ‘करी ऱ्हायनू’, ‘जाई ऱ्हायना’, ‘बोली ऱ्हायनी’, म्हणजे दर दुसऱ्या वाक्यात ऱ्ह. कन्व्हर्टर त्या सगळ्यांना ‘र्हायनू’ करतो. पण इथे एक सोय आहे. रफाराने शब्द सुरूच होऊ शकत नाही, रफाराला मागे अक्षर लागतं. म्हणून शब्दाच्या सुरुवातीला ‘र्ह’ दिसला की तो हमखास ऱ्ह. मोकळी जागा अधिक ‘र्ह’ असं शोधा आणि बिनधास्त सगळे बदला. ओळीच्या सुरुवातीचे राहतात, ते वेगळे बघा.

शब्दाच्या मध्येही ‘र्ह’ बहुतेक ठिकाणी चुकीचाच असतो, ‘तर्हा’, ‘कुर्हाड’, ‘वर्हाड’, ‘गोर्हा’. अपवाद ‘अर्हता’ आणि ‘गर्हणीय’. तेवढे सांभाळा. मतदारयादीच्या कागदांत ‘अर्हता दिनांक’ असतोच.

आणि ‘ॲ’ बघा. जुन्या कन्व्हर्टरमधून तो अ आणि वरचा चंद्र अशा दोन तुकड्यांत येतो. एकसंध ॲ युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीपासून आहे. दिसायला दोन्ही सारखेच, पण ‘ॲडव्होकेट’ शोधलं की निम्मे वकील सापडतच नाहीत.

केळीचा_घड

हे मस्त. झालं काम. काही अक्षरं मात्र चौकोनच आली, कन्व्हर्टर त्यांना हात लावत नाही.

वर्डवाला_धुळे

तो फॉन्ट ‘सिम्बॉल’ प्रकारात नोंदलेला असणार. अशा फॉन्टची अक्षरं वर्ड खासगी वापराच्या जागेत, एफ शून्य शून्य शून्यच्या घरात ठेवतो. दिसायला तेच, क्रमांक वेगळे. तो सगळा मजकूर आधी खाली, मूळ घरात आणायचा, मग कन्व्हर्टर.

बारदान

प्रेसवाल्यांनी धागा पळवला. हिशोबवाल्यांचंही ऐका.

फॉक्सप्रो २.६ या नोंदी ठेवायच्या प्रोग्रामात बनलेली, डॉसवर चालणारी पट्टीची (आडतीवरच्या विक्रीची हिशोबचिठ्ठी), पगाराची, स्टॉकची सॉफ्टवेअरं अजून आहेत. विंडोजवरच्या व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती ९, पुढची येणार नाही हे मायक्रोसॉफ्टने २००७ मध्येच सांगितलं आणि जानेवारी २०१५ मध्ये सपोर्टही संपला. पण डीबीएफ फाइल इतकी साधी की तिच्यावर जीव बसावा. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये थेट उघडते.

कॉपी करताना तीन भावंडं एकत्र हलवा. डीबीएफमध्ये नोंदी, सीडीएक्समध्ये क्रमवारी, एफपीटीमध्ये लांब शेरे. सीडीएक्स राहिली तर ‘स्ट्रक्चरल सीडीएक्स सापडली नाही’ म्हणून अडतं. ती हरवली तरी घाबरू नका, नोंदी डीबीएफमध्येच आहेत. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट थेट दाखवणारा प्रोग्राम) डीबीएफ उघडा, शून्यापासून मोजून २८ वा बाइट ०१ असेल तो ०० करा. टेबल उघडतं, इंडेक्स नंतर नवीन बांधता येते. एफपीटी हरवली तर मात्र शेरे गेले.

आता नेहमीचा अपघात. वीज गेली, यूपीएसची बॅटरी मेलेली, आणि उद्या उघडल्यावर शेवटच्या काही पट्ट्या गायब. डीबीएफ नवीन नोंद फाइलच्या शेवटी लिहितं आणि एकूण नोंदींचा आकडा फाइलच्या डोक्यात, हेडरमध्ये. नोंद लिहून झाली पण हेडर लिहायच्या आत वीज गेली तर नोंद आहे आणि मोजणीत नाही.

उदाहरण घ्या. नऊ रकान्यांचं टेबल. हेडर म्हणजे ३२ अधिक ९ गुणिले ३२ अधिक १, म्हणजे ३२१ बाइट. एक नोंद समजा ८६ बाइटची. फाइलचा आकार ४,३०,३२२. त्यातून ३२१ आणि शेवटच्या खुणेचा १ वजा करा, राहिले ४,३०,०००. भागिले ८६, बरोबर ५,००० नोंदी. हेडर म्हणतं ४,९८८. म्हणजे बारा पट्ट्या फाइलमध्ये बसून आहेत, फक्त दिसत नाहीत. बाइट ४ ते ७ मध्ये आकडा असतो, लहान भाग आधी. ५,००० म्हणजे हेक्समध्ये १३८८, म्हणून तिथे ८८ १३ ०० ०० लिहा. मग रीइंडेक्स. भागाकार पूर्ण आला नाही तर शेवटची नोंद अर्धवट लिहिली गेली आहे, पूर्णांक तेवढा घ्या. आणि हे सगळं प्रतीवर करा, मूळ फाइलवर नाही.

डिलीट केलेल्या नोंदीही ‘पॅक’ने कायमच्या पुसेपर्यंत आतच असतात, त्यांच्या पहिल्या जागेवर फक्त फुलीचा तारा पडतो. म्हणून चुकून काही उडालं की पॅक दाबू नका, रिकॉल करा.

वेगवान मशीनवर सुरू होतानाच ‘डिव्हाइड बाय झीरो’ आलं तर डेटाला काही झालेलं नाही. जुने प्रोग्राम सुरुवातीला प्रोसेसरचा वेग मोजायचे. आता तो इतका जास्त की मोजलेला वेळ शून्य भरतो आणि भागाकार फसतो. टर्बो पास्कलमधल्या प्रोग्रामांचा ‘रनटाइम एरर २००’ याच घरातला.

तापीकाठ

मग हे नवीन मशीनवर डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये चालवावं का?

बारदान

खेळासाठी डॉसबॉक्स, धंद्यासाठी नाही. ते बनवणारेही हेच सांगतात. साध्या डॉसबॉक्समध्ये प्रिंटर पोर्ट नाही. व्हीडॉस हे खास डॉसमधल्या कार्यालयीन प्रोग्रामांसाठी आहे, एलपीटी१ ला, म्हणजे जुन्या प्रिंटर पोर्टला, पाठवलेलं ते विंडोजच्या प्रिंटरला देतं. डॉसबॉक्स-एक्समध्येही पॅरलल पोर्टची सोय आहे.

३२ बिट एक्सपी किंवा विंडोज ७ अजून असेल आणि प्रिंटर यूएसबीचा, तर प्रिंटर शेअर करा आणि ‘नेट यूज’ कमांडने एलपीटी१ त्या शेअरला जोडा, पर्सिस्टंट ‘यस’ ठेवून. डॉसला वाटतं पोर्ट आहे.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर कागद दर पानाला थोडा थोडा वर-खाली सरकतो, ही तक्रार तर घरटी. हिशोब सरळ आहे. इंचाला ६ ओळी. १२ इंची कागद म्हणजे ७२ ओळी, ११ इंची म्हणजे ६६. प्रोग्रामात ६६ आणि प्रिंटरच्या ट्रॅक्टरवर (भोकांचा कागद ओढणारी चाकं) १२ इंची कागद असला की दर पानाला एक इंच चुकतं. अर्ध्या पानाच्या पट्टीला, ६ इंचाला, ३६ ओळी. प्रिंट सुरू होण्याआधी कॅरेक्टर २७, मोठा सी, कॅरेक्टर ३६ पाठवा. बारीक अक्षर हवं तर कॅरेक्टर १५, परत नेहमीचं करायला १८. आधीच्या कोणीतरी बारीक करून सोडून दिलेलं असतं, म्हणून सुरुवातीला २७ आणि ॲट-चिन्ह पाठवून प्रिंटर कोरा करून घ्या.

एफ_बारा

टॅली ७.२ वाल्यांसाठी थोडक्यात.

महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला तेव्हा ७.२ घराघरात पोहोचलं. १ जुलै २०१७ पासून जीएसटी, म्हणजे आजची बिलं त्यात करता येणार नाहीत. ते आता फक्त बघण्यासाठी. उतारे, जुनी बाकी, भावाभावांच्या वाटणीचे वाद.

डेटा नवीन टॅलीत न्यायचा तर थेट टॅलीप्राइममध्ये जात नाही. मधे टॅलीच्या ईआरपी ९ या आवृत्तीचं स्टेशन लागतं. ७.२ चा डेटा मायग्रेशन टूलने ईआरपी ९ मध्ये, तिथून प्राइममध्ये. ७.२ मध्ये कंपनीचं फोल्डर चार आकडी असतं, ईआरपी ९ मध्ये पाच आकडी. म्हणून जुनं फोल्डर नुसतं उचलून नवीन डेटा फोल्डरात टाकलं तर कंपनी यादीत दिसत नाही, आणि लोकांना वाटतं डेटा उडाला. स्थलांतरानंतर पहिल्या आणि शेवटच्या वर्षाची ट्रायल बॅलन्स दोन्हीकडे छापून ओळीला ओळ लावून बघा. एकूण बेरीज जुळली म्हणून सोडू नका, ग्रुप हललेला असला तरी बेरीज जुळते.

बोटांच्या सवयी मात्र बऱ्याच टिकल्या. एफ४ ते एफ९ व्हाउचर तेच, ऑल्ट-सीने जागच्या जागी लेजर, कंट्रोल-एने पटकन सेव्ह. बदललं ते कंपनीचं, तो मेनू ऑल्ट-के वर गेला. तपशील उघडायला ऑल्ट-एफ१ मारायची सवय असेल तर आता ऑल्ट-एफ५. पहिले आठ दिवस शिव्या, मग बसतं.

जिस्ट_कार्ड

डॉसमधली मराठी कोणी काढली नाही म्हणून मी काढतो. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट कार्डावर (डॉसमध्ये भारतीय लिप्या आणणारं कार्ड) टाइप केलेला मजकूर बहुधा आयएससीआयआयमध्ये असतो. १९९१ चं ते भारतीय मानक. कृतिदेवपेक्षा हे फार सोपं, कारण ते खिळ्यांवर चालत नाही, उच्चाराच्या क्रमाने चालतं. वेलांटी अक्षरानंतरच, रफाराची उडी नाही, आणि ऱ ला स्वतःची जागा आहे. तक्त्याने एकास एक बदललं की झालं. विंडोजमध्ये कोडपेज ५७००२ म्हणून ते मुळातच आहे. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) फाइलचे बाइट त्या एन्कोडिंगने वाचा आणि यूटीएफ-८ म्हणून लिहा. दोन ओळींचं काम.

धोका वर्डस्टारच्या बाजूने आहे. वर्डस्टार डॉक्युमेंट मोडमध्ये शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चालू करतं, म्हणून इंग्रजी फाइल नोटपॅडात उघडली की प्रत्येक शब्दाची शेपटी विचित्र दिसते. त्यावरचा प्रसिद्ध उपाय म्हणजे १२७ च्या वरच्या प्रत्येक बाइटातून १२८ वजा करा. इंग्रजीला तो बरोबर आहे. पण देवनागरी तर त्याच वरच्या मजल्यावर राहते, १६१ पासून. आयएससीआयआयचा क म्हणजे १७९. त्यातून १२८ गेले, उरले ५१, म्हणजे इंग्रजी ३. एका झटक्यात सगळे क तीनचे आकडे होतात. वजाबाकीआधी फाइल इंग्रजी की मराठी ते बघा.

बाकी कंट्रोल-के-बी, कंट्रोल-के-के ने ठोकळा बांधायची सवय असणाऱ्यांनी लिनक्सवरचं जो एडिटर जेस्टार नावाने चालवून बघावं. बोटं आपोआप चालतात.

सातपुडा

इतक्या गंभीर धाग्यात विनॅम्पचं नाव घेतलं तर चालेल ना? १९९७ चं. झेड मागचं गाणं, एक्स वाजवा, सी थांबा, व्ही बंद, बी पुढचं. कीबोर्डची खालची ओळ म्हणजे अख्खा टेप. जे दाबून दोन अक्षरं टाइप केली की हजार गाण्यांतून गाणं हजर. नवीन विंडोजवर जुना ५.६६६ सुद्धा चालतो. स्किनची डब्ल्यूएसझेड फाइल म्हणजे नाव बदललेली झिप. उघडून मुख्य चित्र ‘मेन’ नावाच्या बीएमपीत सापडतं, २७५ गुणिले ११६ पिक्सेल. पेंटमध्ये रंगवा, परत झिप करा, झाली आपली स्किन.

जुन्या अहिराणी एमपी३ सीडींची नावं अर्धवट दिसतात, त्यात विनॅम्पचा दोष नाही. गाण्याची माहिती ठेवणाऱ्या आयडी३ टॅगच्या पहिल्या आवृत्तीत गाण्याच्या नावाला ३० बाइटच जागा. फाइलच्या शेवटच्या १२८ बाइटांत सगळा संसार. देवनागरी यूटीएफ-८ मध्ये एका अक्षराला ३ बाइट खाते, म्हणजे तिथे काना-मात्रे धरून दहाच मावले असते. टॅग आयडी३ची दुसरी आवृत्ती करून नव्याने भरा.

पट्टीवाला

शेवटचा प्रश्न. श्रीलिपीचं लॉक (ते लावल्याशिवाय प्रोग्राम चालत नाही तो डोंगल) पॅरलल पोर्टचं आहे. यूएसबी ते पॅरलल केबल आणली, लॉक दिसतच नाही.

वाघूर

दिसणार नाही. ती केबल फक्त प्रिंटरची भाषा बोलते. लॉकला पोर्टच्या तारा थेट वर-खाली करता याव्या लागतात. डेस्कटॉपमध्ये पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड बसवा, आणि त्याआधी लॉकच्या ड्रायव्हरची ६४ बिट आवृत्ती आहे का ते बघा. नसेल तर कार्ड घेऊन उपयोग नाही, जुनं ३२ बिट मशीनच ठेवा आणि इंटरनेटची वायर काढून टाका. यूएसबी लॉक असेल तर सोपं, व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातला आभासी संगणक) एक्सपी बसवून लॉक आत देता येतं.

पट्टीवाला

मशीनच ठेवतो मग. सेल बदलला, तारीख बरोबर आली.

तापीकाठ

हार्डडिस्कची इमेज घेतली का पण?

पट्टीवाला

अडॅप्टर मागवला आहे. १२ व्होल्टच्या सप्लायसकट.